पहिल्या सिनेमातला खलनायक

धाकट्या जाऊबाईंचा मुलगा पुण्याला सिनेमाचं शिकून आला आणि गेल्या दिवाळीत माझ्या ओट्याला टेकून उभा राहिला. मी शंकरपाळ्या तळत होते. म्हणाला, "दोड्डव्वा, मला एक खलनायक पाहिजे."

"निपाणीत काय कमी आहेत व्हय रे?" मी झारा निथळत म्हटलं.

आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असते. त्यामुळे मी त्याची मोठ्याई न होता दोड्डव्वा झाले आणि आमचे हे दोड्डप्पा. घरं वेगळी होऊन पंचवीस वर्षं झाली, पण नावं तीच राहिली.

पोराचं तोंड खरंच उतरलेलं होतं. सहा महिने तो एक गोष्ट लिहीत होता. आपल्या भागातल्या सुपरहिरोची. तंबाखूच्या वखारीत काम करणारा मुलगा, लहानपणापासून त्या खकाण्यात वाढलेला. एका रात्री वखारीला आग लागते. त्यातून तो वाचतो आणि त्याच्या नाकाला वेगळंच बळ येतं. समोरचा खोटं बोलायला लागला की त्याला वास येतो. भीतीचा येतो, लोभाचा येतो. कल्पना मला आवडली. निपाणीत तंबाखूच्या दिवसांत जो एकदा एसटीतून उतरला आहे त्याला नाकाचं महत्त्व सांगावं लागत नाही. मी बेळगावहून लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिले पंधरा दिवस शिंकण्यातच गेले होते. असो. तर नायक झाला होता, त्याची आई झाली होती, विड्या वळणारी एक मुलगीही झाली होती. खलनायक तेवढा कुठं बसत नव्हता.

"पहिल्याच सिनेमात हे चुकलं की हिरो मेला म्हणून समज," तो म्हणाला.

मी काही सिनेमातली बाई नव्हे. पण वाचणारी बाई म्हणून घरात माझी ख्याती आहे. पत्रिका, बँकेचे फॉर्म, सोसायटीच्या नोटिसा, सगळं माझ्याकडे येतं. तशीच ही गोष्ट आली. त्याची वही ठेवून घेतली आणि रात्री वाचली.

वहीतला खलनायक बंगळूरहून आलेला अधिकारी होता. वखारी पाडायला आलेला, जाड मिशांचा, फक्त कानडीत ओरडणारा. मी दुसऱ्या दिवशी वही परत दिली ती रागानंच. म्हटलं, माझी आई जन्मभर कानडीत बोलली. तुझी आजी णमोकार म्हणून झाला की देवाशी कानडीत भांडायची. आपल्या बस्तीत एका खांबाला टेकून बसलेली बाई मराठीत पुटपुटते, दुसऱ्या खांबाची कानडीत. सीमाभागात १९५६ पासून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हाच खलनायक उभा करून ठेवलाय, इकडच्यांनी तिकडचा, तिकडच्यांनी इकडचा. त्यावर सभा होतात, निवडणुका होतात. सिनेमा कशाला काढतोस? टाळ्या मिळतील, पण त्या तुझ्या नसतील.

तो वरमला. पंधरा दिवसांनी दुसरा खलनायक घेऊन आला. तंबाखूचा व्यापारी, दहा बोटांत दहा अंगठ्या. आता यात निदान निपाणी होती. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी शेतकरी इथंच पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले होते आणि शेवटी गोळीबार होऊन शेतकरी मेले. त्या वेळी मी बेळगावात शाळेत होते. मोठी माणसं ओसरीवर हळू आवाजात बोलत होती, एवढंच आठवतं. म्हणजे अन्याय खरा आहे. पण अंगठ्यांचा शेठ खरा नाही. तो दारातून आत आला की लहान पोरसुद्धा ओळखेल. मग त्या बिचाऱ्या हिरोला नाक कशाला पाहिजे?

इथं मला माझं म्हणणं पहिल्यांदा नीट सापडलं. ज्याच्यावर नायकाचं बळ चालत नाही तोच त्याचा खलनायक.

ख्रिस्तोफर रीव्हचा 'सुपरमॅन' आठवा, १९७८चा. हा पठ्ठ्या विमानं उचलतो, त्याच्यासमोर दुसरा पहिलवान उभा करून काय उपयोग? त्यांनी लेक्स ल्युथर दिला. अंगात ताकद नाही, डोक्यावर केस नाहीत, नुसती अक्कल. आणि त्याचा डाव काय, तर आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी कळेल असा: आधी ओसाड जमीन स्वस्तात घेऊन ठेवायची, मग क्षेपणास्त्र टाकून किनारपट्टी समुद्रात बुडवायची, म्हणजे आपली जमीन किनाऱ्याची होते. जमिनीचा दलालच तो!

आपला 'मिस्टर इंडिया' १९८७ साली आला. मी तेव्हा पी.यू.सी.ला होते, मैत्रिणींबरोबर चोरून बघितला. अमरीश पुरींचा मोगॅम्बो सोनेरी केसांचा, सिंहासनावर बसलेला. हसायलाच येत होतं. पण त्याचे हस्तक धान्यात खडे मिसळतात आणि त्याच्या बॉम्बनं ती छोटी टीना जाते, तेव्हा थिएटरातलं हसणं थांबलं. देश जिंकायला निघालेला माणूस मला कधी खरा वाटला नाही. तांदळातला खडा मात्र खरा वाटला. तो आम्ही रोज निवडत होतो.

आणि मराठीत? मराठीतला पहिला सुपरहिरो म्हणून 'बाजी' आला, २०१५च्या फेब्रुवारीत, निखिल महाजन यांचा. श्रेयस तळपदे बुरखा घालून घोड्यावर, आणि समोर जितेंद्र जोशींचा मार्तंड. सिनेमा फार चालला नाही. पण मला त्यातला मार्तंडच लक्षात राहिलाय. नायकाची आठवण काढायला गेले की आधी घोडा दिसतो. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "हीच तर भीती आहे दोड्डव्वा."

मग त्यानं मला एक मल्याळी सिनेमा लावून दिला, 'मिन्नल मुरली', २०२१चा. वीज पडून शक्ती मिळालेला शिंपी. त्याच रात्री तीच वीज आणखी एकावर पडते. शिबू, चहाच्या टपरीवर राबणारा, गावानं वेडा ठरवलेला. वर्षानुवर्षं एका उषेवर जीव लावून बसलेला. ती परत येते ती आजारी मुलगी घेऊन. त्या मुलीच्या ऑपरेशनला पैसे पाहिजेत म्हणून हा बँक लुटतो. पुढं गाव चिडून आग लावतं आणि त्या आगीत उषा आणि तिची लेक जातात. त्यानंतर तो जे करतो ते भयंकर आहे. पण मी पदरानं डोळे पुसत होते ते त्याच्यासाठी, शिंप्यासाठी नव्हे. गुरु सोमसुंदरम म्हणून कुणी नट आहे. काय माणूस आहे तो!

पहिल्या सिनेमात दोन कामं असतात. नायक कसा झाला ते सांगायचं आणि तो कुणाशी लढला तेही सांगायचं. दोन्हींची मुळं वेगळी असली तर अर्धा वेळ एक गोष्ट आणि उरलेल्या वेळात दुसरीच. इथं एकाच विजेनं दोघं जन्माला येतात.

हे मला नवीन वाटायला नको होतं खरं तर. आमचे वडील चातुर्मासात रविषेणाचार्यांचं पद्मपुराण वाचायचे. शाळेत शेजारी बसणारी मैत्रीण रावणाची दहा डोकी सांगायची आणि मी तिला म्हणायचे, डोकं एकच गं, गळ्यातल्या हाराच्या रत्नांत बाकीची दिसायची. तिला ते अजिबात पटायचं नाही. आपल्याकडे रावण राक्षस नाही, विद्याधर राजा आहे. नको म्हणणाऱ्या स्त्रीला हात लावणार नाही असं व्रत घेतलेला आणि तरी सीतेला पळवून आणलेला. त्रेसष्ट शलाका पुरुषांत नऊ नारायण आहेत तसे नऊ प्रतिनारायणही आहेत. खलनायकाला महापुरुषांच्या यादीत बसवणारे आपण. आणि युद्धाचा शेवट बघा. रावण आपलं चक्र लक्ष्मणावर सोडतो, ते त्याला प्रदक्षिणा घालून त्याच्याच हातात येऊन बसतं आणि उलटून रावणाला मारतं. रामाच्या हातून वध नाहीच. मारणाऱ्या लक्ष्मणालाही नरक चुकत नाही, आणि रावण पुढं कधीतरी तीर्थंकर व्हायचा आहे. लहानपणी मला या हिशोबाचा राग यायचा. वाईट माणूस सरळ वाईट का नाही?

आणि कमठ तर घरातलाच. तवंदी घाटात स्तवनिधीच्या पार्श्वनाथांपुढं बसलं की मला दरवेळी तो आठवतो. पहिल्या जन्मी सख्खा भाऊ, मरुभूतीचा थोरला. अपराध थोरल्याचा, आणि क्षमा मागायला जातो तो धाकटा मरुभूती. वाकलेल्या त्या भावाच्या डोक्यात कमठ शिळा घालतो. तिथून जन्मोजन्मी पाठ सोडत नाही. पार्श्वनाथांची कथा कमठावाचून सांगून बघा, सांगता येणार नाही.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे भाऊबंदकी?"

"होय की. परक्याचा वास तुझ्या हिरोला कोसभरावरून येईल. घरातल्या माणसाचा कसा येणार?"

त्याचे डोळे चमकले. त्याला 'ब्लॅक पँथर' आठवला, २०१८चा. तिथं राजाला आव्हान द्यायला येतो तो चुलत भाऊच. राजाच्या बापानं त्याच्या बापाला मारून, त्या पोराला परमुलखात टाकून दिलेलं असतं. तो म्हणतो त्यातलं अर्धं खरं असतं आणि राजालाही ते कळतं. पोरगा वही उचलून धावतच गेला. मी मोठ्या समाधानानं दिवा लावायला उठले. चार लोकांत मिरवावं असं काही सांगितलं होतं मी.

तिसरी वही फाल्गुनात आली. तो स्वतः आला नाही, कुरिअरनं पाठवली.

खलनायक थोरला काका होता. शांत, देवभक्त, बाजारात मान असलेला. वाटण्या होतात तेव्हा रस्त्यावरचं दुकान तो स्वतःकडे ठेवतो आणि धाकट्याला मागची वखार देतो. तंबाखूचा धंदा बसत चाललाय हे दोघांनाही माहीत असतं, पण दुकानापुढची मोकळी जागा कुणाच्या नावावर जाते हे एकालाच माहीत असतं. पुढं वखारही पाहिजे म्हणून तो काका तिला आग लावतो. हिरोचं बळ आणि काकाचं पाप, दोन्ही त्या एकाच आगीतली. अगदी मी सांगितलं होतं तसं.

आग आमच्याकडे लागली नव्हती. बाकीचं सगळं आमचं होतं.

वहीत एक काकू पण होती. कागदावर सह्या होतात त्या प्रसंगात ती चहाचा ट्रे घेऊन येते, ठेवते आणि आत जाते. एवढंच. पोरानं मला सांभाळून घेतलं होतं.

मी ती वही ह्यांना दाखवली नाही. दोन दिवस ती डब्यांच्या फळीवर होती. दरवर्षी क्षमावाणीला दोन्ही घरांतून एकमेकांना 'उत्तम क्षमा' जाते. आधी जाऊन भेटत होतो, मग फोन, आता मोबाईलवर फुलांचं चित्र. इतक्या वर्षांत त्यात दुकानाचा विषय एकदाही निघाला नाही. खरं सांगायचं तर मी जाऊबाईंनाच खलनायिका करून ठेवलं होतं. वाटणीनंतर त्या अबोल झाल्या, हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या, तर मी चारचौघींत म्हणायची, 'मनात अढी धरून बसल्यात.' अढी कशाची ते मी कुणाला सांगत नव्हते.

ते १९९८ होतं. कागद कानडीत होता. आमचे हे आणि दीर दोघेही मराठी शाळेतले. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचा, तुम्हाला चांगलं येतं." मी वाचलं. एक एक वाक्य कानडीतून वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पुढच्या मोकळ्या जागेचा मजकूर चौथ्या कलमात होता. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही की खूण केली नाही. सांगितलं तर नव्हतंच. मी ते कलम वाचलं आणि मराठीत सांगताना 'बाकी वरीलप्रमाणेच' असं म्हणून पुढं गेले. दिरांनी मान हलवली आणि सही केली. त्या जागेवर आज आमचे दोन गाळे आहेत.

हा लेख छापायला देऊ नये असं ह्यांचं मत आहे. पहिला मसुदा वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सिनेमावर लिहितो म्हणालीस आणि हे काय?" मी म्हटलं, सिनेमावरच आहे.

वही आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला होता. त्यानं उचलला, पण आवाज बेतानंच होता.

"दोड्डव्वा, वाचलीस?"

"वाचली. चांगली झालीय. एक प्रसंग चुकलाय."

"कुठला?"

"सह्यांचा. चहा नव्हता रे तो. उन्हाचे दिवस होते, कोकमाचं सरबत होतं. आणि ती बाई ट्रे ठेवून आत जात नाही. ती बसते. कागद तीच वाचून दाखवते."

पलीकडे कुठंतरी रिक्षाचा आवाज येत होता.

"सगळा?" त्यानं विचारलं.

"सगळा नव्हे."

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मग काका नाही, तीच आहे. पण हिरो तिथंच असेल ना, लहान, आईच्या मांडीवर. नंतर तरी त्याला तिचा वास यायला पाहिजे."

"कसा येईल? दर दिवाळीला तिच्याच स्वयंपाकघरात उभा असतो की तो."