अंगात मुरणारी तंबाखू

निपाणीच्या काळ्या मातीने आम्हा सीमाभागातील माणसांना तंबाखू दिली आणि तंबाखूने पोटाला अन्न दिले. १९८१ साली शेतकरी पुणे-बंगलोर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, ते तिच्याच भावासाठी. त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. अशा पिकाविषयी बोलायचे तर जपूनच बोलावे लागते.

आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या आया वखारीत तंबाखू चाळतात, नाहीतर घरी विड्या वळतात. आठवीतल्या एका मुलीने आम्हांस विचारले, "सर, आई विडी ओढत नाही, तरी संध्याकाळी तिचं डोकं का गरगरतं?" आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. परंतु मुलांचा प्रश्न विषय पाहून परत पाठविता येत नाही. तेव्हा शास्त्राची पुस्तके उघडली.

तंबाखूच्या पानात निकोटिन हे अल्कलॉइड असते. १८२८ साली पोसेल्ट व राइमान या दोघा जर्मन संशोधकांनी ते प्रथम वेगळे काढले. ते केवळ धुरावाटेच शरीरात शिरते असे नाही. घामेजल्या कातडीतून आणि हिरड्यांतूनही झिरपते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच असावे. मग यकृत कामाला लागते आणि त्याचा सुमारे पाऊण हिस्सा 'कोटिनिन' या द्रव्यात पालटून टाकते. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. कोटिनिन निम्मे व्हावयास मात्र सोळाएक तास लागतात. अखेर मूत्रपिंडे हा सारा निचरा बाहेर टाकतात. गुजरातेत तंबाखूच्या शेतमजुरांच्या लघवीत ही दोन्ही द्रव्ये संशोधकांनी मोजली आहेत.

म्हणजे तीन-चार दिवस तंबाखूशी संबंध आला नाही, तर निकोटिनाचा बहुतेक मागमूस पुसला जातो. परंतु पोटासाठी राबणाऱ्या बाईला तीन-चार दिवस सवड कोठली? रात्रभर शरीराने झाडलोट करावी आणि सकाळी पुन्हा तोच धुरळा अंगावर यावा, असा हा रहाटगाडगे चालतो. त्यातच मिश्रीची सवय. निकोटिन ओसरले की तलफ येते आणि हात पुन्हा डबीकडे वळतो. बाळंतिणीच्या बाबतीत तर अधिकच जपावयास हवे. कारण निकोटिन अंगावरच्या दुधात उतरते, तेही रक्तातल्याहून अधिक प्रमाणात. शिवाय तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्यांनी केलेली इजा लघवीवाटे वाहून जात नाही.

वखार सोडा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? पालकसभेत आम्ही एवढेच सांगतो: बायांनो, मिश्री सोडा, कामावर असताना हात व तोंड झाका, घरी येताच कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, लुगडे बदला आणि मगच लेकराला पदराखाली घ्या. रोजगार न बुडविता एवढे करता येते. शरीर आपले काम इमानाने करीत असते. त्याचा भार थोडा हलका करणे आपल्या हाती आहे.