तीस वर्षांनी सुटलेले दोघे

आगगाडी लुटल्याबद्दल तीस वर्षं तुरुंगात काढलेले दोन दरोडेखोर, हॅरी आणि आर्ची, १९८६ च्या लॉस एंजेलिसमध्ये बाहेर पडतात, तेही आपल्या जमान्याचे सूट आणि हॅट चढवून. जेफ केन्यू यांचा ‘टफ गाईज’ इथून सुरू होतो. कॉलेजात असताना मी तो भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. त्यांचा जुना अड्डा आता समलिंगी पुरुषांचा बार झालेला असतो, हे त्यांना आत शिरल्यावर कळतं. आम्ही मित्र नुसते खिदळत होतो.

नोकरीच्या ऐन धबडग्यात तो पुन्हा केबलवर लागला, तेव्हा लक्ष गेलं ते पॅरोल अधिकाऱ्याकडे. दोघांवर भक्ती असलेला हा पोरगा त्यांनाच नियम ऐकवतो: एकमेकांना भेटायचं नाही. हॅरी सत्तरीपुढचा, म्हणून त्याची रवानगी वृद्धाश्रमात. आर्ची जरा लहान, म्हणून तो दुकानात पोराटोरांना योगर्ट वाढायला. त्या काळात मीही घरात वडिलांशी हेच करत होतो. “अण्णा, एकटे जाऊ नका. बँकेच्या रांगेत मी उभा राहतो.” अण्णा काही बोलत नसत. चपला घालून निघून जात.

आता मीच निवृत्त आहे. मुलगी ओटीपी कसा टाकायचा ते शिकवते, तेही जरा मोठ्या आवाजात. या वयात सिनेमातला मला सगळ्यांत आवडतो तो लिऑन लिटल. एलाय वॉलॅकनं साकारलेला हा मारेकरी दोघांची सुपारी घेऊन तीस वर्षं त्यांच्या सुटकेची वाट पाहत बसलेला असतो. ते सुटतात तोवर त्याला धड दिसेनासं झालेलं असतं, गोळ्या भलतीकडेच जातात. पण घेतलेलं काम सोडायचं नाही म्हणजे नाही!

हॅरी झालेला बर्ट लँकेस्टर तेव्हा ७२ वर्षांचा होता, आर्ची झालेला कर्क डग्लस ६९. दोघं १९४८ पासून अधूनमधून पडद्यावर एकत्र येत होते आणि या भूमिका त्यांच्यासाठीच लिहिल्या होत्या. ही त्यांची शेवटची जोडी ठरली. सिनेमाच्या शेवटी हॅरी आणि आर्ची जिच्यापायी तुरुंगात गेले ती अख्खी गाडीच पळवतात. तिचं इंजिनही सोंगाचं नव्हतं. सदर्न पॅसिफिकचं १९४१ सालचं, ४४४९ क्रमांकाचं वाफेचं धूड. सेवेतून काढून पोर्टलंडच्या बागेत शोभेला ठेवलेलं हे इंजिन १९७० च्या दशकात दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणलं होतं. या सिनेमात त्याहून योग्य नट कुठून मिळणार?

‘टफ गाईज’ थोर सिनेमा नाही. मधल्या तासाभरात कथा रेंगाळते, काही विनोद आज शिळे वाटतात. पण म्हाताऱ्यांचं हसं करणारे सिनेमे पैशाला पासरी मिळतात. इथे हसं होतं ते सत्तरीच्या माणसाशी बालवाडीतल्या पोरासारखं बोलणाऱ्यांचं. घरातल्या ज्येष्ठांना सोबत घेऊन एकदा पाहा. आणि पाहताना कृपा करून त्यांना काही समजावून सांगू नका.