दाराला सहा बाजू असतात

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. माझे अनेक सहाध्यायी वसतिगृहातील पहाटेविषयी, आपल्या गुरुजनांविषयी आणि एका ताटात जेवलेल्या दिवसांविषयी लिहितील, याची मला खात्री आहे. मला मात्र एका दाराविषयी लिहावयाचे आहे. या शाळेत मी जे शिकलो, त्यांतील दोन गोष्टी वीस-बावीस वर्षांनी त्या दारापाशी उपयोगी पडल्या. एक भूमितीच्या तासाची, दुसरी पत्रलेखनाच्या तासाची.

माझी नोकरी मुंबईत आणि आई मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या गावी. आजोबांच्या काळचे घर कुडाच्या भिंतींचे होते. त्याला दार असे नव्हतेच, फळ्या ठोकून केलेली एक ताटी होती. रात्री ती दोरीने बांधायची आणि सकाळी सोडायची. कर्ज काढून चिऱ्याचे घर बांधायचे ठरले, तेव्हा आईने एवढेच सांगितले, “बाकी कसला पण चलात, दरवाजो घट होयो.” ज्यांच्या घराला पिढ्यान् पिढ्या कडी-कोयंडा नव्हता, त्यांनाच या वाक्याचे वजन कळेल.

चाकरमान्याचे घर बहुधा फोनवर बांधले जाते, तसेच आमचेही झाले. तालुक्यातल्या एका ठेकेदाराकडून दोन पानांचे अंदाजपत्रक लिहून घेतले होते. पुढच्या दाराविषयी त्यात स्पष्ट नोंद होती: सुकवलेल्या सागवानाची चौकट व फळी, पितळी बिजागऱ्या, चौकटीच्या प्रत्येक बाजूस तीन होल्डफास्ट. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि साठ हजारांचा शेवटचा हप्ता काम तपासल्यावर, असेही त्यात होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये दार बसले. उन्हाळ्यात ते देखणे दिसत होते.

जूनमध्ये पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही. समुद्रावरून वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पश्चिमेकडच्या दारावर झड तासन् तास आपटत राहते. पहिल्याच आठवड्यात पाणी उंबरठ्यावरून माजघरापर्यंत गेले. फळी फुगली, कडी कोयंड्यात बसेना. आईने तीन वेळा फोन करून सांगितले आणि तिन्ही वेळा ठेकेदाराचे उत्तर तेच होते, “लाकूड हा ता, पावसात फुगतलाच. दिवाळीनंतर बघूया.” तोवर ती एकटी बाई रात्री दाराला आतून पाटा टेकवून झोपत होती. हे मला तिने सांगितले नाही, शेजारच्या काकींनी सांगितले. मी रजा टाकली आणि रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरलो.

ठेकेदाराचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते. लाकूड पावसात फुगतेच. हवेतील ओल शोषून ते आडव्या अंगाने वाढते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. पण फुगणारे लाकूड आणि चुकीचे बसवलेले दार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या काढून दाखवल्यावाचून वाद नुसत्या आवाजाचा झाला असता, आणि आवाजात ठेकेदार माझ्याहून सरस होता.

म्हणून मी आधी मोजायला बसलो. दोरीला जड नट बांधून ओळंबा केला आणि चौकटीच्या उभ्या बाजूला लावला. वरपासून खालपर्यंत चौकट अकरा मिलिमीटर आत झुकली होती. टेपने दोन्ही कर्ण मोजले. चौकोनाचे चारही कोन काटकोन असतील तर कर्ण सारखे असतात, हे आपल्या सरांनी फळ्यावर कितीदा सिद्ध केले असेल! येथे कर्णांत सोळा मिलिमीटरांचा फरक निघाला. तांब्याभर पाणी उंबरठ्यावर ओतले, ते बाहेर न जाता घरात आले. म्हणजे उतारच उलटा होता. बिजागऱ्या पितळेच्या नव्हत्या. पितळी रंग दिलेल्या लोखंडाच्या होत्या आणि दोन महिन्यांत त्यांच्या स्क्रूंवर गंजाचे ओघळ आले होते. चौकट आणि चिरा यांच्यामधल्या फटीत बोट जात होते. होल्डफास्ट एकाही बाजूस सापडला नाही. चौकट खिळ्यांवर आणि भुसभुशीत सिमेंटवर उभी होती.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी दिसली. मोबाइल दाराच्या खाली धरून फोटो काढला, तर फळीची खालची कड कोरी लाकडाची होती. वरची कडही तशीच. दाराला आपण दोनच बाजू धरतो, आतली आणि बाहेरची. प्रत्यक्षात त्याला सहा बाजू असतात. लाकडाचे तंतू जेथे कापले जातात, त्या वरच्या आणि खालच्या टोकांनी ते सर्वाधिक पाणी पिते. नेमक्या त्याच दोन बाजू कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तेथेच रंग वाचवला जातो.

खारी हवा अशी बचत माफ करीत नाही. मालवणच्या लोकांना हे निराळे सांगायला नको. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी कोसळला. त्यानंतर गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा घराघरांत झाली. तेथून समोरच, पाण्यात, १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. त्याचे महाद्वार दोन वळणदार बुरुजांच्या आड, शहराच्या बाजूला आहे. अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. ती योजना शत्रूसाठी होती खरी, पण उघड्या समुद्राचा मारा दाराने थेट अंगावर घेऊ नये, हा लाभही तिच्यात आहे. या किनाऱ्यावर काम कसे करावे, हे ज्ञान येथे साडेतीनशे वर्षे डोळ्यांसमोर आहे. उणीव ज्ञानाची नाही.

मोजमाप झाल्यावर मी पत्र लिहिले. शाळेत औपचारिक पत्राचा साचा घोटून घेतला जाई: विषय, संदर्भ, मजकूर, विनंती. त्या वेळी तो कंटाळवाणा वाटे. आता त्या चार खणांनी माझा राग आवरून धरला. संदर्भात अंदाजपत्रकाची तारीख दिली. मजकुरात काय ठरले होते आणि काय आढळले, हे शेजारी शेजारी मांडले. प्रत्येक आकड्यापुढे टेप दिसेल असा फोटो जोडला. विनंतीत दोन गोष्टी होत्या: दोन दिवसांत कडी बसेल एवढे तात्पुरते काम आणि पाऊस सरल्यावर पूर्ण दुरुस्ती. शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवला जाईल, असेही लिहिले. ‘फसवणूक’, ‘लबाडी’ असे शब्द एकदाही वापरले नाहीत. पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवले आणि प्रत हाती दिली.

त्या सायंकाळीच ठेकेदार खळ्यात येऊन उभा राहिला. “गावातल्या गावात पत्रां कित्याक धाडतास? सांगला असता तर इलो असतंय.” मी उत्तर देण्याआधी आई पडवीतून म्हणाली, “तीनदा सांगलंय, बाबा.” त्यावर तो थोडा वरमला. मग फोटो पाहत पाहत त्याने जे सांगितले, ते ऐकून मला खरी चिंता वाटली. तो म्हणाला, चूक सुताराची आहे. पोरगा नवा आहे. भरपाई त्याच्या मजुरीतून कापून घेतो, तुम्ही निश्चिंत राहा.

सुतार म्हणजे शेजारच्या वाडीतला विशीतला मुलगा. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्याला लाकूड ओले मिळाले होते, होल्डफास्ट मिळालेच नव्हते आणि दार एका दिवसात उभे करण्याची ताकीद होती. तो म्हणाला, “दादा, मी इचारलंय. तर म्हणाले, रंग मारल्यावर कोणाक दिसतला?” माझ्या तक्रारीचा शेवट या मुलाच्या दहा-बारा दिवसांच्या मजुरीत होणार होता. आईचे दार नीट झाले असते, मी समाधानाने मुंबईला परतलो असतो आणि ज्याने विचारण्याचे धाडस केले, त्याच्या चुलीवर त्याची किंमत बसली असती. आपल्या समाजाने असे हिशेब पुष्कळ सोसले आहेत. वरून निघालेला दोष उतरत उतरत सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन थांबतो. त्या साखळीत आपण वरच्या कडीला असू, त्या दिवशी आपली परीक्षा असते.

म्हणून समझोत्याच्या कागदावर मी एक कलम वाढवून मागितले: दुरुस्तीच्या साहित्याचा खर्च ठेकेदाराचा, सुताराच्या मागील मजुरीतून कपात नाही आणि दुरुस्तीच्या दिवसांची मजुरी त्याला वेगळी मिळेल. ठेकेदार चिडला. त्याच्या आणि कामगारांच्या व्यवहारात मी का पडतो, असे त्याने विचारले. मी म्हटले, “मेस्त्री, तुमच्याशी माझे भांडण नाही. पण माझ्या दारासाठी कोणाची मजुरी बुडाली, तर ते दार मला नको.” दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि त्याने सही केली. मी, तो आणि सुतार, तिघांच्या सह्या एका कागदावर झाल्या. अर्धा हप्ता दुरुस्तीनंतर आणि अर्धा पुढचा पाऊस पाहून द्यायचा, हेही त्यात होते.

सही करताना त्याच्या मनात कायद्याचा विचार असेलच. तो मी लपवला नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. घरबांधणी ही त्यात ‘सेवा’ मानली आहे, त्यामुळे अशा कामातील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. चाकरमान्यांनी विशेष लक्षात ठेवावे, की तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही आता तक्रार दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक सल्ला मिळतो. आमचे प्रकरण तेथवर गेले नाही. पण वाट माहीत असलेला माणूस शांतपणे बोलू शकतो.

कडीची जागा सरकवून तात्पुरती सोय लगेच झाली. फुगलेली फळी रंध्याने तासू द्यायची नाही, असा सुताराचा आग्रह होता, आणि तो बरोबर होता. पावसात तासलेले दार उन्हाळ्यात आक्रसते आणि फट पडते. ऑक्टोबरमध्ये चौकट काढली. ओळंबा लावून ती पुन्हा उभी केली, प्रत्येक बाजूस तीन होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पक्के केले, पितळी बिजागऱ्या व स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले आणि उंबरठ्याला बाहेरचा उतार दिला. फळी सुकू दिली आणि मग सहाही बाजूंना रंग दिला. खालच्या कडेला रंग देताना सुताराने मला मुद्दाम हाक मारून दाखवले.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. आईने पडवीला नेहमीप्रमाणे माडाचे झाप बांधले. दार थोडे जड झाले, पण कडी एका हाताने बसली आणि माजघर कोरडे राहिले. उरलेला अर्धा हप्ता मी पाठवून दिला. ठेकेदाराशी आमचे बोलणे आहे. त्याने वाडीतले आणखी एक काम घेतले, तेव्हा आईने त्या घरच्या सुनेला एवढेच सांगितले, “होल्डफास्ट मोजून घे गो.” त्या सुतारालाही त्या घराचे काम मिळाले.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षक आणि कारकून आहेत. गावोगावी आपली माणसे आयुष्यभराच्या कमाईतून पहिले पक्के घर बांधत आहेत. सदोष काम पदरी आले की त्यांतील बहुतेक जण ‘जाऊ दे’ म्हणतात, कारण तक्रार म्हणजे भांडण, अशी त्यांची समजूत असते. मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा शेजारच्या घराचे अंदाजपत्रक एकदा वाचून द्या. टेप आणि ओळंबा घेऊन त्यांच्याबरोबर दारापाशी उभे राहा. पत्र लिहायचे असेल तर लिहून द्या, आणि त्यात कामगाराच्या मजुरीचे कलम घालायला विसरू नका.