न्हाणीघरातला फुजी

परदेशी दीर्घकाळ वास्तव्य झाले की तिथली मंदिरे, उद्याने आणि संग्रहालये हळूहळू पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरतात, आणि मनुष्याचे खरे ममत्व जडते ते एखाद्या क्षुल्लक, नित्याच्या सुखावर. टोकियोत माझे ते जडले आहे 'सेंतो'वर, म्हणजे गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरावर.

दाराशी लोंबणारा पडदा बाजूस सारून, पादत्राणे लाकडी किल्लीच्या खणात ठेवून आणि शुल्क चुकते करून मी आत जातो. या शुल्काची कमाल मर्यादा मालकाच्या मर्जीवर नसून गव्हर्नरांच्या हुकमाने मुक्रर होते, आणि अंग शेकण्यासारख्या सुखाचा दर सरकारदप्तरी दाखल असावा, ही गोष्ट मला तरी मोठी लोभस वाटते. भिंतीवर बहुधा फुजी पर्वत रंगवलेला असतो. मुलांनी हौसेने पाण्यात उतरावे म्हणून किकाई-यु या न्हाणीघराने १९१२ साली तो प्रथम काढवून घेतला, असे सांगतात. आज मात्र गळ्यापर्यंत बुडालेले वृद्धच त्याच्याकडे निवांतपणे पाहत बसलेले आढळतात.

सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या मनाला, दहाजण बसून गेलेल्या पाण्यात आपणही बसावे, ही कल्पना प्रथम असह्य होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु येथे हौदात उतरण्यापूर्वी प्रत्येकजण ठेंगण्या चौरंगावर बसून, टाचेपासून कानाच्या पाळीपर्यंत, अंगाला साबणाचा कणही राहू नये अशा निष्ठेने स्वतःला घासून घेतो, आणि हातातला लहानसा पंचाही पाण्यात बुडू देत नाही. आमचे सोवळे दुसऱ्याचा स्पर्श आपल्याला होऊ नये म्हणून. हे सोवळे आपला मळ दुसऱ्याला लागू नये म्हणून. शेजारचा म्हातारा उठताना आपला चौरंग आणि पिवळे तसराळे विसळून ठेवतो, ते कोणासाठी? जो कोणी पुढे येईल त्याच्यासाठी; आणि ज्याच्या निवासाच्या परवान्यावर मुदत छापलेली आहे असा मी परकाही, कसलीच चौकशी न होता, त्या 'जो कोणी'त आपसूक जमा होतो. मकरवृत्ताकडच्या सूर्याला निरोप देताना, डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी, पाण्यावर युझूची पिवळी, सुगंधी फळे तरंगत असतात, तीही याच हिशेबाने माझ्याही वाट्याला येतात.

१९६८च्या सुमारास टोकियोत अडीच हजारांहून अधिक सेंतो होते. आता पाचशेही उरलेले नाहीत. घरोघरी स्नानगृहे झाली, इंधन महागले, जागेला सोन्याचे मोल आले. त्याला इलाज नाही.

स्नानानंतर थंडगार दुधाची काचेची बाटली घ्यावी आणि एक हात कमरेवर ठेवून ती एका दमात रिकामी करावी, असा येथील अलिखित जाबता आहे. मराठी मनुष्याला अशा वेळी विठोबाप्रमाणे दोन्ही हात कमरेवर ठेवण्याचा मोह होतो. पण मग बाटली कोणी धरावी?