गाडी घेताना, गाडी विकताना

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री जेवताना आमच्या थोरल्याने सांगून टाकलं, "अम्मी, अब्बा, मला मातीवरच्या शर्यतीत उतरायचंय. एक जुनी टू-स्ट्रोक घेऊन द्या."

आम्हा दोघांच्या तोंडावर 'नाही' आलंच होतं. पण तो मित्राची ब्रेक नसलेली गाडी घेऊन माळावर जातो, हे शेजाऱ्यांकडून आमच्या कानावर आलं होतं. नाही म्हटल्याने तो जायचा थांबणार नव्हता, फक्त आम्हाला सांगायचा थांबला असता. म्हणून आम्ही हो म्हटलं, पण अटी घातल्या. रस्त्यावर शर्यत लावायची नाही. परवाना काढून रीतसर ट्रॅकवरच उतरायचं. आणि हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, उंच बूट आल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही. पैसे भिशीचे, आणि घरची जुनी स्कूटर विकून येतील ते.

आम्हाला गाडीतलं काहीच कळत नव्हतं. मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांनी समजावलं. बाहेरच्या देशांत मातीसाठी वेगळ्या गाड्या बनतात, पण त्या आपल्या खिशाबाहेरच्या. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे पोरं जुनी यामाहा आरएक्स नाहीतर शोगनच तयार करून उतरवतात. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. इंजिन अवघं ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, पण वजन शंभर किलोंच्या आसपास. म्हणून चढाला उड्या मारत जाते. तीस वर्षांची गाडी म्हणजे कितीतरी हातांतून गेलेली. चाचा म्हणाले, "रंग बघू नका. विकणारा काय सांगत नाही ते बघा."

पहिली गाडी चकचकीत होती. लाल रंग, शर्यतीचा फुगीर सायलेन्सर. मालक म्हणाला, "एका किकमध्ये सुरू होते बघा." झालीही. चाचांनी आधीच सिलिंडरला हात लावून पाहिला होता. गरम होता. म्हणजे आम्ही यायच्या आधीच ती सुरू करून ठेवलेली. चक्कर मारून आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा आवाज खाली येईना. चाचा हळूच म्हणाले, "मॅग्नेटोकडचं सील हवा खेचतंय. अशीच पळवली तर पिस्टन जाम होईल." हँडलच्या मानेखाली ताज्या रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा हाताला लागला. आणि आरसी बुकात आरएक्स १००, तर आत इंजिन १३५ चं! नंबर जुळेना. मुलाचा चेहरा उतरला, पण आम्ही उठलो.

शिवाय त्या इंजिनचे पोर्ट कापून मोठे केलेले होते. चाचांनी सांगितलं, अशी गाडी वरच्या वेगाला सुसाट जाते, पण खालच्या वेगाला तिच्यात दम राहत नाही. सपाट ट्रॅकला ठीक. ओढ्यातून, दगडांच्या चढावर मात्र ती बंद पडत राहील. नवशिक्याला दोन्हीकडे चालवायची असेल तर मूळ इंजिन ठेवावं आणि मागचं चक्र मोठं घालावं. तेवढ्यानेच ओढ वाढते.

दुसरी गाडी एका निवृत्त मास्तरांकडे होती. रंग उडालेला, सीट फाटलेली. इंजिन थंडगार. चौथ्या किकला सुरू झाली आणि पांढरा धूर सुटला. आम्ही विचारायच्या आधीच मास्तर म्हणाले, "क्लचकडचं सील गेलंय. गिअरचं ऑइल इंजिन पितं. महिन्याला पाहून भरावं लागतं. सिलिंडर दोनदा बोअर केलंय, त्याच्या पावत्या आहेत." पन्नास मिलिमीटरच्या मूळ मापानंतर पाव-पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालत जातात, हिच्यात अजून वाव होता. नंबर जुळत होते, फेरनोंदणी झालेली होती. घासाघीस न करता आम्ही तीच घेतली. चाचांनी इंजिन खोलून सील बदलली, धूर गेला.

पुढच्याच आठवड्यात आमची स्कूटर बघायला एक तरुण आला. भाजी विकणारा, घाईत. त्याने रंग पाहिला, टायर पाहिले, पैसे काढले. दुसरा गिअर चढावर निसटतो, हे त्याने विचारलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही, पण त्याचे डोळे म्हणत होते, गप्प बसा. मालातला दोष झाकून विकू नये, हे त्याला लहानपणी आम्हीच शिकवलेलं.

आम्ही सांगितलं. दोन हजार कमी झाले. ते बुटांचे पैसे होते.

रात्री तो रागात म्हणाला, "त्याने विचारलंच नव्हतं ना!" आम्ही एवढंच म्हटलं, "मास्तरांना तरी आपण कुठे विचारलं होतं, बेटा?"

तो काही बोलला नाही. पण बूट यायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने गाडी अंगणात उभी राहिली. रोज संध्याकाळी तो तिच्यावरची धूळ पुसायचा. किक मात्र त्याने एकदाही मारली नाही.