सोन्याच्या नाण्याची परीक्षा

लहान वस्तूला मोठी किंमत येते, याचे नवल मॉरिशसच्या रहिवाशास तरी वाटू नये. १८४७ साली पोर्ट लुईस येथे जोसेफ बार्नार्ड नावाच्या कारागिराने एक पेनी व दोन पेन्स किमतीची टपाल तिकिटे प्रत्येकी पाचशे छापली. त्यांपैकी मोजकीच आज जगात शिल्लक आहेत आणि कोदाँ येथील ब्लू पेनी संग्रहालयात ती पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. परंतु ज्या शतकात कागदाच्या त्या चिटोऱ्यांचा जन्म झाला, त्याच शतकात महिना पाच रुपयांच्या करारावर आपले पूर्वज या बेटावर उतरले. एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचे वेतन कापून घेणारी 'डबल कट'ची पद्धतही त्यांनी सोसली. कशाची किंमत कोणी ठरवावी, हा प्रश्न आपल्या घरांना म्हणूनच नवा नाही. एका कुटुंबाला तो अलीकडे पुन्हा पडला, आणि तो एका सोन्याच्या नाण्याच्या निमित्ताने पडला.

ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील हे घर मराठी आहे. घरातील कर्ता पुरुष आयुष्यभर उसाच्या मळ्यात राबला. पुढे सिरदार झाला आणि पै पै साठवून त्याने दोन आर्पां जमीन केली. १२ मार्च १९६८ रोजी शां द मार्सवर देशाचा ध्वज चढला, तेव्हा तो त्या गर्दीत उभा होता. स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ २०० रुपयांचे सोन्याचे नाणे निघाले, त्यावर १९७१ हे साल आहे. एका बाजूस राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूस पॉल आणि व्हर्जिनी. तो काळ पौंडाला सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक मोजण्याचा होता. म्हणजे नाण्यावरील दर्शनी किंमतच १५ पौंड होती. त्या वर्षीच्या उसाचे पैसे हाती आले तेव्हा या गृहस्थाने बायकोला विचारल्यावाचून त्यातले एक नाणे घेतले. बायकोने आठ दिवस अबोला धरला. घराचे छप्पर गळत असताना नवऱ्याने सोन्याचा बिल्ला आणावा, हे कोणत्या गृहिणीला रुचेल?

ते नाणे साध्या चलनी घडणीचे नव्हते, 'प्रूफ' होते. प्रूफ म्हणजे विशेष काळजीने पाडलेले नाणे. त्यासाठी ठसे मुद्दाम घासून चकाकवलेले असतात, सोन्याच्या चकतीसही आधी झिलई दिलेली असते आणि ठसा एकापेक्षा अधिक वेळा दाबला जातो. त्यामुळे मागची पार्श्वभूमी आरशासारखी दिसते व आकृती दवाने झाकल्यासारखी शुभ्र उठून येते. हा आरसा फार नाजूक असतो. बावीस कॅरटचे सोने म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोने. मऊ रुमालाच्या एका फेरीनेही त्यावर केसासारखी रेघ उमटू शकते. म्हणून असे नाणे डबीतून काढूच नये, काढलेच तर फक्त कडेने धरावे, असे जाणते लोक सांगतात.

हे ज्ञान त्या घरी पोहोचले नाही. बाईंचा अबोला सरला आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी नाणे डबीतून काढले, साबणाच्या पाण्याने धुतले, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने लख्ख पुसले, ताम्हनात तांदळाची रास करून तिच्यावर ठेवले आणि हळदकुंकू वाहिले. त्या दिवसापासून सुमारे पन्नास दिवाळ्या हाच क्रम चालला. राणीची बाजू नेहमी तांदळात खाली असे आणि पॉल-व्हर्जिनीची वर. बाईंना वाचता येत नव्हते. बर्नार्दँ द सँ-पियेर या फ्रेंच लेखकाची १७८८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी त्यांना कोठून ठाऊक असणार? तरुण जोडपे दिसले, तेव्हा ते राधाकृष्ण आहेत असे त्यांनी ठरवून टाकले. थोरल्या मुलाने शाळेतून येऊन खरी गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "असतील तुझ्या पुस्तकात. माझ्या ताटात राधाकृष्णच आहेत." नाण्याबरोबर आलेली डबी सुयाबटणे ठेवण्याच्या कामी लागली आणि पुढे वाळवीने खाल्ली.

वडील आधी गेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मागे तीन भावंडे राहिली. थोरला गावातच, बहीण क्युर्पिपला आणि धाकटा लंडनमध्ये. जमिनीचा प्रश्न सुटला, भांड्यांची वाटणी झाली. नाणे मात्र तीन तुकडे करून वाटता येईना. त्यातच थोरल्याच्या मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि शुल्काचा आकडा घरात येऊन बसला. वर्षश्राद्धास आलेल्या धाकट्याने तोडगा काढला. "दादा, नाण्याची परीक्षा करून घेऊ. चांगला अंक आला तर सोन्याच्या भावाहून पुष्कळ अधिक किंमत येईल. मुलीचे शुल्कही निघेल आणि तिघांचा हिशेबही होईल."

ही परीक्षा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावयास हवे. डॉ. विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणश्रेणी मांडली. १ अंकाच्या नाण्यापेक्षा ७० अंकाच्या नाण्याची किंमत सत्तरपट असावी, ही त्यामागील मूळ कल्पना. किमतीचे ते गणित टिकले नाही, श्रेणी मात्र टिकली. पुढे पी. सी. जी. एस. व एन. जी. सी. या संस्था अनुक्रमे १९८६ व १९८७ मध्ये अमेरिकेत निघाल्या आणि तिऱ्हाईताने नाणे पारखण्याचा व्यवसाय जगभर रूढ झाला. नाणे खरे की खोटे हे तेथे आधी पाहतात. नंतर एकाहून अधिक पारखी त्याचा दर्जा ठरवतात. पाचपट मोठे करून पाहिले तरी एकही दोष दिसला नाही, तरच ७० अंक मिळतो. शेवटी नाणे पारदर्शक कठीण प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमचे बंद होते आणि त्यावर दर्जा व नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी असते. ज्या नाण्यावर घासल्यापुसल्याच्या खुणा असतात, त्याला अंक न देता केवळ तसा शेरा लिहितात.

थोरल्याने संमती दिली, पण मनापासून दिली नाही. सादर करावयाचा अर्ज भरण्यास तो बसला. देश, वर्ष, दर्शनी मूल्य, धातू, अपेक्षित किंमत अशी एकेक चौकट भरताना त्याला दुसरा एक कागद आठवला. काही वर्षांपूर्वी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन त्याने आपल्या खापरपणजोबांची नोंद मिळवली होती. करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या तेथे जतन केलेल्या आहेत. त्या नोंदीतही चौकटीच होत्या: क्रमांक, नाव, वय, उंची, गाव आणि ओळखीची खूण. रत्नागिरीकडून आलेल्या त्या तरुणाच्या गालावर व्रण होता, एवढीच त्याच्या चेहऱ्याची वार्ता वंशजांपर्यंत पोहोचली. ज्या कारकुनाने ती लिहिली, त्याच्या दृष्टीने तो व्रण केवळ पळून गेलेला माणूस पकडण्याची सोय होती. वंशजास मात्र त्याच व्रणामुळे आपला पूर्वज डोळ्यांसमोर उभा करता आला.

धाकट्याने विमानतळावर नाणे जाहीर करून, कागदपत्रे घेऊन ते लंडनला नेले आणि एका व्यापाऱ्यामार्फत विमा उतरवून परीक्षेस पाठवले. आठवडे गेले. थोरला रोज संध्याकाळी मुलीच्या शुल्काचा हिशेब मांडी आणि त्यात नाण्याच्या जागी कधी मोठा आकडा घाली, कधी लहान. बहीण म्हणे, "अंक येवो न येवो, आईची वस्तू घरी सुखरूप येवो म्हणजे झाले." पण तिच्याही घरी कर्ज होते आणि हे तिघांनाही माहीत होते.

निकाल आला. नाणे अस्सल, घडण प्रूफ, अंक नाही; शेरा 'स्वच्छ केलेले'.

धाकट्याचा दूरध्वनी आला तेव्हा त्याच्या आवाजात रागच होता. "दादा, आईने ते पुसले नसते, नुसते डबीत राहू दिले असते, तर..."

थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डबीत राहू दिले असते, तर ते आपल्या घरात होते हे तरी आपल्याला कळले असते का?"

हे उत्तर ऐकावयास बरे वाटते. परंतु त्याने शुल्क भरले जात नाही, हे थोरल्यालाही ठाऊक होते. त्या रात्री त्याला झोप आली नाही. आईला कोणी शिकवले असते, आपणच शाळेत शिकलेले चार शब्द वेळीच तिला समजावून सांगितले असते, तर मुलीचा मार्ग आज सुकर झाला असता, हा विचार त्याला छळत होता. बहिणीने विचारले, "पुन्हा धुवून घेता येणार नाही का?" डाग व तेलकटपणा जाणकारांकडून काढून घेता येतो, पण ओरखडा म्हणजे धातूच जागचा हललेला असतो. तो पुसावयास गेले तर नवा ओरखडा तेवढा उमटेल.

काही दिवसांनी धाकट्याने व्यापाऱ्याकडून नाणे परत घेतले आणि भिंगातून स्वतः पाहिले. राणीच्या बाजूस बारीक टोचे होते; ते तांदळाचे. पॉल-व्हर्जिनीच्या बाजूस आरशावर गोल गोल, एकात एक अशा रेघा होत्या. नाणे डाव्या तळहातावर ठेवून आई उजव्या अंगठ्याखाली फडके कसे फिरवीत असे, ते त्याला आठवले. त्याने थोरल्याला पत्र लिहिले. त्यात रागाचा शब्द नव्हता. वीस वर्षे दिवाळीस घरी न आल्याचा उल्लेख मात्र होता.

पुढील व्यवहार साधेपणाने झाला. नाण्याचे वजन १५.५६ ग्रॅम, त्यातील शुद्ध सोने सुमारे १४.२७ ग्रॅम, ते काही शेऱ्याने घटले नव्हते. तिघांनी सोन्याच्या भावाने किंमत धरली. थोरल्याने दोघांचे हिस्से हप्त्याने देण्याचे कबूल केले. बहिणीने हप्ते घेतले, कारण तिला गरज होती, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. धाकट्याने आपला हिस्सा पुतणीच्या नावे केला. उरलेल्या शुल्कासाठी बँकेचे कर्ज काढावे लागले आणि ते अजून फिटावयाचे आहे. वेळ पडली तर नाणे विकावे, असेही ठरले आहे. आता ते पाप वाटत नाही.

गेल्या दिवाळीस नाणे प्लॅस्टिकच्या चौकटीसह ताम्हनात आले. त्याला धुता येईना, पुसता येईना. पूजा कशी करावी, असा पेच पडला. बहिणीने क्षणभर विचार केला आणि चौकटीवरच कुंकवाचे बोट टेकवले. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक लाल झाला. पुतणी हसली, थोरल्यालाही हसू आवरले नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात असे एखादे नाणे, पदक वा दागिना असेल. तो झळकावा म्हणून घासू नये. मूळ डबी व कागद सांभाळावेत. परीक्षेस पाठवण्यापूर्वी तिचा खर्च आणि संभाव्य लाभ यांचा मेळ आधी घालून पाहावा, कारण परीक्षेने सोने वाढत नसते. हे व्यवहाराचे झाले. त्याबरोबर आणखी एक काम करावे. ती वस्तू घरात कोणी आणली, कोणत्या साली आणली आणि कोणत्या हाताने जपली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. पारखी शेरा लिहून मोकळा होतो. त्या शेऱ्यामागील माणूस कोण, हे सांगण्याचे काम घरच्यांचेच आहे. खापरपणजोबांच्या गालावरील व्रण कशाने झाला, हे त्या कुटुंबास आता कधीच कळावयाचे नाही. नाण्यावरील रेघा कोणाच्या, हे मात्र त्यांच्या मुलांना ठाऊक आहे.