पाकिटात मावणारं डॅफोडिल

मार्च उजाडला की आमच्या शाळेत पिवळ्या कागदाचा तुटवडा पडतो. रेडिंगच्या एका प्राथमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट आहे, आणि मदरिंग संडेच्या आधीच्या आठवड्यात पाच वर्षांच्या मुलांकडून डॅफोडिल करून घेणं हे माझं ठरलेलं काम. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फ्रिजवर असं एखादं फूल लागलं असेलच: जाड पिवळ्या कागदाच्या सहा पाकळ्या, मधोमध अंड्यांच्या खोक्यातली एक वाटी केशरी रंगवून, देठाला हिरवी स्ट्रॉ. पाकळ्या सहाच हव्यात. खऱ्या फुलाला सहा असतात, आणि मुलं मोजतात.

आपल्या व्हॉट्सॲपवर मे महिन्यात ज्याच्या शुभेच्छा येतात तो मदर्स डे हा नव्हे, तो अमेरिकेतला. इथला मदरिंग संडे लेंटच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी येतो, म्हणून दरवर्षी तारीख वेगळी. पूर्वी लोक त्या दिवशी आपल्या मूळच्या, ‘आई’ चर्चमध्ये जात. मोठ्या घरांत कामाला राहिलेल्या पोरींना घरी जायची सुटी मिळे आणि वाटेवरची रानफुलं त्या आईसाठी तोडून नेत, असं सांगतात. म्हणजे लांब राहणाऱ्या लेकरांचाच सण. मला तर तो माहेरपणाच्या जवळचा वाटतो.

२०२३ साली तो १९ मार्चला होता. त्या वर्षी वर्गात एक मुलगा नुकताच वडिलांबरोबर पुण्याहून आलेला. आईचा व्हिसा व्हायचा होता. त्याला इंग्रजी कळायचं, पण तोंडातून शब्द निघत नसे. बाकीची पोरं कोपरापर्यंत गोंदात, आणि हा सहा पाकळ्या ओळीने मांडून नुसता बसलेला. “आई, आजी, कुणासाठीही करा,” असं बाईंनी सांगून झालं होतं. मी शेजारी बसून हळूच विचारलं, “काय रे, चिकटवायचं नाही का?”

“मिस, तुला मराठी येतं?” आणि मग बऱ्याच वेळाने, “हे पाकिटात मावत नाही.”

अडचण अगदी खरी होती. ती वाटी टपालात चेंगरली असती. मी कपाटातून कपकेकचा कागदी कप काढून दिला. त्याचं बूड तेवढं चिकटवायचं, कडा मोकळी ठेवायची. तळहाताने दाबला की तो सपाट होतो, मधे बोट घालून चुण्या उलगडल्या की पुन्हा उभा राहतो. त्याने चार वेळा दाबून-उघडून खात्री केली. स्ट्रॉऐवजी हिरव्या कागदाची पट्टी लावली. संध्याकाळी वडिलांनी पाकीट पोस्टात टाकलं.

बुधवारी, २२ तारखेला, पाडवा होता. बाईंनी मला अर्धा तास दिला. उरलेल्या वाट्यांना चांदीचा कागद लावून आम्ही गुढीचे तांबे केले, स्ट्रॉची काठी, रुमालाएवढ्या रंगीत कागदाचं वस्त्र. कडुनिंब कुठून आणणार? शाळेच्या कुंपणाचीच पानं घेतली. तांब्या उलटा का, असं बाईंनी विचारलं. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात मागून आवाज आला, इंग्रजीत, “ती तिची टोपी आहे.” वर्गात त्याने उच्चारलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी ते दुरुस्त केलं नाही.

ईस्टरच्या सुटीनंतर वडील फाटकापाशी भेटले. पाकीट पोचलं होतं. आईने फूल देवघराशेजारी भिंतीवर लावलं होतं, पण सपाटच, आणि चिरंजीव व्हिडिओ कॉलवर ओरडत होते, “आई, मधे बोट घाल ना!”